हॅलमची सही

लीड्स, ऑक्टोबर १९९४

प्रिय लिंडसे,

आधी कबूल करून टाकतो. तुझ्या भावाला, कीथला, फुटबॉलपटू टेड हॅलमच्या नावानं आलेलं ते पत्र मी लिहिलं होतं. अकरा वर्षांचा होतो. शिव्या नंतर घाल, आधी पुढचं वाच.

तुला आमचे शनिवार आठवतात का? कोपऱ्यावरचा पेपरवाला म्हातारा डॉब्स फुटबॉलच्या साप्ताहिक अंकावर पेन्सिलीनं घर नंबर टाकून ठेवायचा. तुमचा सतरा, आमचा एकवीस. हॅलमचा चेहरा बघायचा तर शनिवारशिवाय इलाज नव्हता. कीथ फरशीवर पालथा पडून वाचायचा आणि मी पान उलटलं की ओरडायचा, "थांब ना गाढवा, अजून वाचतोय!" मधला फोटो काढताना तर पिना अशा सोडवायचा, जशा काय टाके काढतोय.

त्याच फोटोखाली हॅलमची छापील सही होती. मी कागद ठेवून गिरवली. वर लिहिलं, "शनिवारी मॅच संपली की खेळाडूंच्या फाटकापाशी ये, दोस्ता. मी भेटतो." पत्र तुमच्या दारातून आत सरकवलं आणि शनिवारी फाटकासमोरच्या चिप्सवाल्याच्या आडोशाला जाऊन बसलो, पोट धरून हसायला.

कीथ केस विंचरून आला होता गं. दीड तास गारठ्यात उभा. हॅलमची गाडी बाहेर आली, यानं हात केला, गाडी निघून गेली. माझे चिप्स हातातच थंड झाले. तरी मी रस्ता ओलांडला नाही.

सोमवारी शाळेत म्हणतो, "भेटला ना! खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, पोरा, डावा पाय सुधार." सगळी पोरं आ वासून बघत राहिली. आणि कीथ खरंच रोज भिंतीवर डाव्या पायानं बॉल मारत बसला. सुधारलाही पाय! पण अंक मात्र त्यानं बंद केला. म्हणाला, "पोराटोरांचा असतो तो." पुढच्या शनिवारी डॉब्सकडून एकवीस नंबरचाच अंक घेऊन आलो. फरशीवर एकट्यानं वाचला. पान कधीही उलटा, कोणी ओरडत नव्हतं.

आता तू लिहितेस, तुझ्या आईला ते पत्र कपाटात सापडलंय. रविवारी ती हॅलम आता चालवतो त्या पबात जाणार, ते दाखवून त्याचे आभार मानणार, वर कीथच्या लग्नाला बोलावणार. हॅलम म्हणेल, बाई, ही सही माझी नाही आणि तुमचा पोरगा मला कधी भेटला नाही. लिंडसे, रविवारच्या आत ते पत्र गायब कर. जाळ, नाहीतर चहा सांड त्यावर. अगदीच अडलं, तर पत्र मी, डेरेकनं, लिहिलं म्हणून सांग, कीथच्या हातचा मार खायला मी येतो. पण तो दीड तास एकटाच उभा होता आणि मी ते बघत होतो, हे कोणाला सांगू नकोस. पाया पडतो तुझ्या. कीथला तर नाहीच नाही.

तुझाच,
एकवीस नंबरवाला डेरेक