कोरा रकाना

२० मे १९९८

आदरणीय डॉक्टरसाहेब,

आपल्या दवाखान्यात येणाऱ्या शालनला गेल्या वर्षी सातवा महिना असताना तिच्या अंगावरून पिवळं जात होतं. तपासणीत गुप्तरोगाचा संसर्ग निघाला. तुम्ही तिला आणि तिच्या नवऱ्याला, दोघांनाही गोळ्या दिल्या. नवऱ्यानं घेतल्या नाहीत, म्हणून तिचा आजार पुन्हा उलटला.

"कार्डावर लिहू नगा सिस्टर. सासरा वाचतोय, मला घरातनं काढत्याल," ती रडत म्हणाली. मी तिच्या गरोदरपणाच्या कार्डावरचा आजाराचा रकाना कोराच ठेवला.

बाळंतपण माहेरी, कबनूरला झालं. कार्ड कोरं, त्यामुळं तिथल्या दवाखान्यात कुणालाच आजाराचं काही माहीत नव्हतं. त्याच संसर्गानं बाळाचे डोळे पुवानं चिकटले, औषधाला उशीर झाला आणि एक डोळा गेला.

आज ती बाळाला घेऊन आली आणि माझ्या पायाच पडली. "तुमच्यामुळं नांदतीय की मी!"

मी तिला उठवलं, पण बाळाकडं बघवेना. मी तिचं भलं केलं की वाटोळं, मलाच उमगत नाही साहेब.

आपली,
संघप्रिया कांबळे, आरोग्यसेविका