कुसुमची बादली

सोम. १० नोव्हें. ८६

नाही, भीत नाही मी. कुणी सांगितलं भीते म्हणून? मी एवढंच म्हणतेय की बावन्न वर्षांत जी जागा मी स्वतः कधी बघितली नाही, ती त्या पोरगेल्या डॉक्टरने दुर्बीण घालून बघायची काय गरज. हेच कुसुमला बोलले तर म्हणते, "ताई, तुला सगळंच हसण्यावारी न्यायचं असतं."

दोघी मोठ्या इस्पितळात गेलो होतो आज, दादाचे कागद घेऊन. आमचा थोरला भाऊ. मे महिन्यात गावी वारला. आतड्याचा कॅन्सर. रक्त पडायचं तर मूळव्याध म्हणून वर्षभर सुरण खात बसला. वहिनीने घरामागच्या परड्यातला सगळा सुरण संपवला, शेजारणीचा आणला, मग दादाला कुडाळच्या दवाखान्यात नेलं. तोवर वाट लागलेली.

डॉ. म्हणाले, सख्ख्या भावाला झालं, तुम्ही दोघी पन्नाशीच्या आसपास, काही त्रास नसला तरी एकदा आतून बघून घ्या. मी म्हटलं, "डॉक्टर, घर आवरलेलं नाही, पाहुणे कसे बोलवू?" नर्स हसली. डॉ. हसले नाहीत. म्हणाले, "आवरायचं औषध देतो ना."

कु. ने लगेच स्वतःची तारीख घेतली. बुधवार १९.

मी म्हटलं, बघते.

बुध. १२

रीत अशी आहे. दोन दिवस पातळ. गाळलेली पेज, नारळपाणी, काळा चहा. आदल्या दिवशी दुपारी बाराला एरंडेल. मग जावं लागेल तितक्या वेळा जायचं, शेवटी नुसतं नितळ पाणी येईपर्यंत. नाहीतर दुर्बिणीला काही दिसत नाही आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

एरंडेल आम्हाला नवीन नाही. आई वर्षातून एकदा तिघांना ओळीने बसवून पाजायची. दादा पळायचा, कु. रडायची, मी गपकन गिळून वर जीभ दाखवायची. पण तिथे अख्खं परडं होतं. इथे अठरा बिऱ्हाडांत चार संडास, आणि नळ सकाळी साडेपाच ते सात. पाण्याची बादली आपली आपण न्यायची. दुपारी एकाला कुणी तिसऱ्यांदा बादली घेऊन निघालं की पापड लाटणाऱ्या बायका लाटणं थांबवून मोजतात. मीच मोजते.

कु. ला म्हटलं, तुझी वरात निघणार बघ. म्हणाली, "निघू दे गो."

शनि. १५

नानाने दोन दिवस रजा टाकली. कशाला, तर बायकोच्या जुलाबाला.

नाना म्हणजे कु. चा नवरा. गिरणीत यांच्याच खात्यात होता. स्थळ मीच सुचवलेलं, म्हणजे बहीण दोन दारं सोडून राहील. संपात गिरणी गेली, आता साकीनाक्याला एका वर्कशॉपवर वॉचमन. मुकादमाला रजेचं कारण काय सांगितलंत विचारलं, तर म्हणाला, "खरं तेच सांगितलं, ताई." तिथे सगळ्यांना माहीत आता. लाज नाही.

हे असते तर? यांनी रजा टाकली नसती. भजन मंडळाला गेले असते आणि येताना भजी आणली असती. मीच असं लिहितेय आणि मलाच हसू येतंय. भजी चांगली असायची पण.

मंगळ. १८

आज लिहायलाच पाहिजे.

सकाळी नळ आला तसा नानाने ड्रम भरून शेवटच्या संडासापाशी नेऊन ठेवला. मग खडूने दारावर लिहिलं, 'राखीव'. एस.टी.त बायकांच्या सीटवर असतं तसं. खाली छोट्या अक्षरात, 'फक्त आज'. चाळीत कुणी काही बोललं नाही. चाळीत. जिथे बादली एक हात पुढे सरकवली तर आईबाप निघतात.

बाराला कु. ने एरंडेल घेतलं. लिंबू चोखून. दीडपासून सुरू.

कु. पुढे, पदर खोचून. मागे नाना बादली घेऊन. ती आत, हा दाराला पाठ करून उभा, दुसरी बादली भरून तयार. कुणाची हिंमत नाही तिकडे जायची. मी बायकांना म्हटलं, बघा गं, महाराणी आणि मागे चोपदार. सगळ्या फुटल्या. नानाने ऐकलं. ऐकून बादली भाल्यासारखी खांद्यावर धरली आणि म्हणाला, "बाअदब." मग तर माझ्यापेक्षा तोच जास्त हसवून गेला. ही माझी जागा आहे, चाळीत हसवायची.

या चाळीत कुठल्याच पुरुषाने बायकोची बादली उचललेली मी बघितली नाही. एकोणतीस वर्षांत. पिण्याची कळशीसुद्धा नाही.

अकरा वेळा. मी मोजलं.

सातव्या वेळेला ती बाहेर आली ती भिंतीला धरून. नानाने बादली खाली ठेवली, तिचा हात आपल्या खांद्यावर घेतला. दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर. मी पापड लाटत होते. तो पापड एवढा पातळ झाला की पाटालाच चिकटून बसला.

बुध. १९

मीपण गेले इस्पितळात. घरी बसून काय करणार.

आत नेताना बांगड्या, मंगळसूत्र काढून द्यायला सांगितलं. बांगड्या नानाने रुमालात बांधल्या. मंगळसूत्र मुठीत. पाऊण तास बाकावर बसला होता, मूठ उघडली नाही. मी म्हटलं, "नाना, खिशात ठेवा, घाम लागेल." तर म्हणाला, "राहू दे."

मला काढून द्यायलाच काही नाही. तो त्रास वाचला.

कु. बाहेर आली, गुंगीत. "दादाने सुरण खाल्लाय गो," म्हणत होती. नाना रडला. मी तोंड फिरवून पाटी वाचत बसले, 'कृपया शांतता राखा'. चार भाषांत लिहिलेली. चारही वाचल्या.

एक दाणा निघाला. शेंगदाण्याएवढा, आतल्या भिंतीला. तारेच्या फासात पकडून तिथल्या तिथे काढला, तपासायला पाठवला. डॉ. म्हणाले, राहिला असता तर काही वर्षांनी कदाचित भावासारखं झालं असतं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि तुम्ही?"

मी म्हटलं, मला शेंगदाणे आवडत नाहीत.

यावेळी नर्सपण हसली नाही.

रवि. २३

शेंगदाण्याचं कौतुक काही संपत नाही. रोज कुणी ना कुणी येतं. शहाळी, मऊभात, कोपऱ्यावरच्या गुजरातीणीने मुगाचं पाणी. कु. उशीला टेकून सांगते, सगळ्या आ वासून ऐकतात. एकीने विचारलं, दुर्बिणीतून किती लांबचं दिसतं. मी म्हटलं, हिच्या आतून थेट गावचं घर दिसलं, वहिनी अंगणात केर काढत होती. हसल्या. पण परत तोंडं तिच्याचकडे.

लहानपणी कांजिण्या आम्हा दोघींना एकदमच आल्या. लोक मात्र हिलाच बघायला यायचे. का, तर हिचे फोड मोठे.

लताचं पत्र नाशकाहून. आई, तू पण तपासून घे, मला सुट्टी मिळत नाही, मावशी आहेच. मावशी आहेच. माझ्या पोटच्या पोरीलासुद्धा मावशीच आठवते.

गुरु. २७

रिपोर्ट आला. साधा दाणा. कॅन्सर नाही.

नानाने चाळभर पेढे वाटले. मला दोन दिले. मी एक खाल्ला, एक डब्यात ठेवला. त्याला मुंग्या लागल्यावर टाकला.

सोम. १ डिसें.

कु. आली. हातात माझा इस्पितळाचा फॉर्म. स्वतःच भरून आणलाय. नाव, वय बावन्न (मी पन्नास सांगणार होते), पत्ता घाटकोपर. बुधवार १० डिसें. 'बरोबर कोण येणार' तिथे स्वतःचं नाव. माझी सही तेवढी बाकी.

"ताई, मला एक दाणा निघाला. तुझ्या पोटात काय आहे तुला काय माहीत?"

"माझ्या पोटात काय आहे ते मला चांगलं माहीत आहे."

"मस्करी नको गो. ड्रम नाना भरील. दारावर लिहील."

"मेव्हण्याने माझी बादली धरायची? चाळ काय म्हणेल?"

"मग मी धरीन. भावोजींची धरलीच होती की."

एवढं बोलून तिने फॉर्म डब्याखाली ठेवला आणि माझे पापड उलटायला लागली. टोमणा नव्हता तिचा. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं.

हे गेले त्या वर्षी माझी कंबर धरली होती, म्हणून. हे चार महिने अंथरुणाला होते. सगळ्या चाळीला माहीत आहे.

गुरु. ४

सही केली नाही अजून. फॉर्मवर तेलाचा डाग पडलाय. बरं झालं, नवीन आणावा लागेल.

नाही आणावा लागत. नानाला दाखवला तर म्हणाला, "सहीची जागा कोरी आहे, ताई. चालतंय." आता हासुद्धा माझ्याशी ऑफिसरसारखा बोलतो.

दुपारी दादा आठवला. शेवटी शेवटी मला पत्र लिहिलेलं, सुरणाने बरं वाटतंय म्हणून. बरं वाटतंय. मीही उलट टपाली कळवलं, आमसूल घालून खा, घशाला खाजणार नाही.

दोनदा वाटलं सही करावी. दोन्ही वेळा डोळ्यांसमोर कु. आली, माझ्या मागे, बादली घेऊन. एरंडेल पिईन. दुर्बीणही घालू दे. तेवढं बघवणार नाही.

रवि. ७

भांडले. म्हटलं, तुला दाखवायचंय सगळ्यांना, बघा मी ताईचं पण करते. तू सगळ्यांचंच करतेस. शेवटी हे पाणी मागायचे तेसुद्धा "कुसुम" म्हणून. मी उशाशी बसलेली असायची, आणि "कुसुम".

कु. उठली. चप्पल घालून गेली. जाताना फॉर्म उलटा झाला होता तो सरळ करून ठेवला.

माझी चूक आहे. पण तिने सरळ करून ठेवायला नको होता.

सोम. ८

सही केली.

शेंगदाण्याला घाबरून केली. आणखी कुणाला काही वाटू नये. आजपासून पेज. बिनमिठाची गाळलेली पेज म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. कु. ने दारातूनच शहाळं ठेवलं, आत आली नाही.

मंगळ. ९

साडेअकरा. एरंडेलाची बाटली समोर. लिंबू कापलंय.

ड्रम भरलेला आहे. कुणी भरला ते विचारलं नाही. शेवटच्या दारावर 'राखीव' लिहिलंय. खाली 'फक्त आज' नाही. बहुतेक खडू संपला.

कु. माझ्या उंबऱ्याबाहेर स्टुलावर बसलीय, दोन बादल्या घेऊन. तांदूळ निवडतेय. मधेच विचारते, "घेतलंस काय गो?" मी म्हणते, बारा वाजू देत. ती म्हणते, "वाजू देत." आज भांडणाचा ब्र नाही.

तिची पाठ दिसतेय मला. वाकलेली. यांच्या वेळीही अशीच दिसायची. ती बादली घेऊन जायची, मी या खाटेवर कूस वळवून, कंबरेला गरम विटेचा शेक घेत. यायची, हात धुवायची, मलाच विचारायची, "ताई, कमी आहे का गो?" वीट बदलून द्यायची.

बाराला पाच कमी. घेईन की नाही, माहीत नाही. तिला सांगायचं तर आधी इथे लिहून बघते, जमतं का.

माझी कंबर धरली नव्हती. चार महिन्यांत एक दिवससुद्धा नाही. मला यांच्या बादलीची किळस येत होती.