हिरडीत रुतलेला दात

माय, आज अकोल्याच्या माझ्या दवाखान्यात साडेतीन वर्षांच्या एका पोरीनं पुढच्या दातांनी काकडी कचकन तोडली, आणि मला भातकुलीचं आपलं वावर आठवलं. मी सात वर्षांचा. तू आळी करून कारल्याच्या बिया लावल्यास, आणि तिसऱ्याच दिवशी मी बोटानं माती उकरून कोंब बघतोय. तू मागून येऊन माझा हात धरतेस. "काहून उकरून राहिला रे? घाई तुले हाय, त्याले नाही. पाणी दे अन् हात माघारी घे."

ही पोर सहा महिन्यांपूर्वी ओट्यावरून तोंडावर पडली होती. वरचा दुधाचा दात नाहीसा. घरच्यांना वाटलं, पडला. छपरावर टाकायला हवा म्हणून आजोबांनी अंगणातली माती सुपात घेऊन पाखडली. दात सापडेना. एक्स-रेत दिसला: अख्खा, हिरडीत वर रुतलेला. त्याच्या मागे वाढणाऱ्या पक्क्या दाताला त्याचं मूळ लागलं नव्हतं. असा दात बहुतेकदा आपला आपण खाली येतो. ओढाओढ केली तर पक्का दात दुखावायचा.

आजीला ते पटेना. "दिसून राहिला ना डॉक्टर, मंग ओढा चिमट्यानं!"

"नाही आजी. मऊ खायला द्या, तोंड साफ ठेवा, मी सांगेन तेव्हा दाखवायला आणा. येईल तो."

"एवढे शिकले अन् नुसते थांबाच म्हणता? थांबाले का कॉलेज लागते?"

बाहेरच्या बाकावरचे सगळे हसले. मीही हसलो. पण दात आलाच नाही, आत पिकला, तर भोगणार ती पोर. रोज सकाळी देवापुढे दिवा लावताना मी तिचं नाव घेत होतो. दुसऱ्या महिन्यात हिरडीत ज्वारीच्या दाण्याएवढं पांढरं दिसलं. त्या दिवशी मी दवाखान्यात उभ्या उभ्या हात जोडले. आणि आज तो दात शेजारच्याच्या बरोबरीला आला, माय! आजीनं स्वतः बोट लावून पाहिलं, पिशवीतली काकडी काढून नातीच्या हातात दिली आणि मला म्हणाली, "जमलं बा तुमाले थांबणं."

हे तुला सांगितल्याशिवाय राहवेना. कागद देवघरात तुझ्या फोटोमागे ठेवतो, दुसरीकडे कुठे पाठवू?

एक राहिलं. त्या दिवशी तू विहिरीकडे वळल्यावर मी आणखी एक आळं उकरलं होतं. तेवढंच रिकामं राहिलं, आणि तू हंगामभर खारीला शिव्या दिल्यास. खार नव्हती ती.