मागची खोली आणि काचेची पाती

मी, सत्यदेव विठोजी, वय एकाहत्तर, टपाल कचेरीतून निवृत्त, राहणार क्युरपिप, हे सर्व स्वहस्ते, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. एरवी हे एका वाक्यात भागते. मला ते सिद्ध करावे लागते आहे, कारण माझा मुलगा देवराज याने डॉक्टर बलराम यांना माझ्यादेखत सांगितले, "बाबांना भ्रम झालाय. पेन्शनवाला माणूस ओसरीत बसून दगड फोडतो!" मागच्या खोलीविषयी मी काही लिहिले तर ते कोर्टात टिकू नये, एवढाच त्याचा हेतू. तिथे त्याला मोटार ठेवायची आहे.

कलम पहिले. भ्रम कसा झाला ते. सन १९५२ मध्ये मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या साहेबाच्या सामानाच्या लिलावात मला सिगारची पेटी मिळाली. आत अमेरिकेतले बाणाचे दगडी पाते, अंगठ्याएवढे. बुडाशी दोन्ही बाजूंना खाचा, दोरीने काडीला बांधण्यासाठी; यमक जुळावे तशा सारख्या. शाळेच्या कवितांत किती बाण सुटले, पण तळहातावर आलेला हा पहिला. असे एक आपल्या हातून व्हावे, असे मनाने घेतले.

आपल्या या बेटावरचा काळा दगड पातळ निघत नाही, चुरा होतो. दोन वर्षे गेली. मग बाटल्यांचे जाड बूड घेतले. काठ एकदा घासायचा, मग हरणाच्या शिंगाच्या टोकाने दोनदा दाबून कपच्या उडवायच्या. लघु, गुरू, गुरू! सगळे काम भुजंगप्रयातात बसते, म्हणून मी शाळेतल्या कविता म्हणतच ते करतो. खाच शेवटी पाडायची, आणि पाते मोडते ते तिथेच.

गिरमिटिया मजूर म्हणून आलेला माझा आजा ग्रां बुआ गावी मालकाच्या उसातले दगड वेचून रचत असे. देवराजला त्याची लाज वाटते, मला नाही. आजाला दगडांचे काम मालकाने सांगितले होते. मला ते कोणी सांगितलेले नाही.

कलम दुसरे. घर व बँकेतली शिल्लक यांत कायद्याने मुलांसाठी राखलेला वाटा देवराज व इंद्राणी यांना सारखा मिळावा. जो भाग कायदा माझ्या मर्जीवर सोडतो, त्यातून मागची खोली, नळासह व गल्लीकडच्या दारासह, माझी मुलगी इंद्राणी हिला. ती दर शनिवारी सें पिएरहून येते. तीच म्हणाली होती, "बाबा, खाच पाडताना श्वास कशाला कोंडता? सोडा की!" त्या दिवसापासून पाती वाचू लागली. तिचा हात माझ्याहून चांगला आहे, हे तिला मी तोंडावर कधी बोललो नाही.

कलम तिसरे. कामाची हत्यारे, म्हणजे शिंगे, लाकडी मुठीत बसवलेला तांब्याचा खिळा, नदीतले गोटे व मांडीवर अंथरायचे कातडे, इंद्राणीला. अमेरिकेतले मूळ पाते देवराजला. विकायचे तर खुशाल विकावे. आधी एकदा तळहातावर धरावे.

कलम चौथे. शेजारी तुलसीराम अकरा वर्षे कुंपणावरून ओरडतो आहे, "आयो सत्यदेव, मालकाची गाडी आली काय दगड न्यायला?" मोडक्या पात्यांची टोपली त्याला. भिंतीवर रोवावीत, पोरे त्याचे चिनी पेरू चोरणार नाहीत. तो माझ्या बाजूचा आहे असे देवराजही म्हणणार नाही, म्हणून त्यालाच साक्षीला बोलावले.

कलम पाचवे. आज दोन्ही साक्षीदारांसमोर मी बाटलीचे बूड हातात घेतले. पहिले पाते दुसऱ्या खाचेला मोडले. तुलसीराम हसला, "झालं! म्हाताऱ्याचं मृत्युपत्र मोडलं!" मी दुसरे बूड घेतले. डॉक्टरांनी तारीख, वार, माझ्या दिवंगत पत्नीचे नाव विचारले. वत्सला, म्हणालो, मान वर न करता. दोन तासांनी पाते पुरे झाले. डॉक्टरांनाही मोह आवरला नाही. त्यांनी शिंग हातात घेतले, आणि लगेच खालीही ठेवले.

क्युरपिप, रविवार, १४ जुलै १९६३.
सही: सत्यदेव विठोजी

साक्षीदार १: मृत्युपत्र करणाऱ्यास मी तपासले. बुद्धी व हात दोन्ही शाबूत. कागदावरील डाग माझ्या अंगठ्याच्या रक्ताचा आहे, त्यास खाडाखोड समजू नये. डॉ. बलराम

साक्षीदार २: दोन्ही खाचा मी स्वतः दोऱ्याने मोजल्या. सारख्या आहेत. माझा नाइलाज आहे. तुलसीराम