वाटीतला चीक

प्रिय विहीणबाई,

जिथे असाल तिथे जरा टेकून घ्या, पत्र लांबणार आहे. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी सांगते आणि तुमची नात पल्लवी लिहिते. म्हणजे माझीही नातच. अकरा वर्षांची झाली. मी ‘हाय’ म्हटलं की ही ‘आहे’ लिहिते, म्हणते, आजी, पत्रात असंच असतं. आणखी काय काय बदलत असेल कोण जाणे. म्हणून दर चार ओळींनी तिला परत वाचायला लावते.

तुम्हाला जाऊन तीन महिने झाले. दहाव्याला लासलगावला येऊन गेले, तेव्हा काही सांगावंसं वाटलं नाही. आता वाटतंय, त्याला कारण आहे. माझी लेक मनीषा बाळंतपणाला माहेरी आली आहे. मुलगा झाला, आज चौथा दिवस. पोर तोंड लावतं, दोनदा चोखतं आणि रडून सोडून देतं. काल तुमची संगीता तिच्यापाशी बसून वाटीत दूध काढायला मदत करत होती. सून नणंदेचं एवढं करते म्हणून मी कौतुकानं बघत होते. तर ती हसून म्हणाली, “मनीषाताई, वाटी जपा हं. पल्लवीच्या वेळी माझ्या आईनं भरलेली वाटी सांडली होती.”

मी उठून गोठ्यात गेले आणि म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

ती वाटी कोणी सांडली हे दोघींनाच ठाऊक होतं. त्यातल्या एक तुम्ही. मी एकटी सापडावी म्हणूनच तुम्ही आधी निघून गेलात की काय, असाही संशय मला येतो.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. संगीता सातव्या महिन्यात तुमच्याकडे गेलीही होती. पण तिचं बीपी वाढलं, तिला नाशिकच्या दवाखान्यात आणलं, तिथेच ती बाळंत झाली, आणि तिथून जवळ म्हणून ती मखमलाबादला आमच्या घरी आली. मागोमाग तुम्ही. सासरच्या घरात माहेरचं बाळंतपण आणि एका चुलीपाशी दोन विहिणी! पोर सव्वादोन किलोची, चोखायला अंगात जोर नाही. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, दोन दिवसांत पोटात नीट दूध गेलं नाही तर परत आणा, काचेच्या पेटीत ठेवावी लागेल.

तुम्ही आलात त्या घटकेपासून मी तुमच्यावर नजर ठेवून होते. तुमच्या रेक्झिनच्या पिशवीला कुलूप होतं. बाळंतशेपा आणि डिंक आणणारी बाई कुलूप कशाला लावते? शिवाय मी काहीही सांगितलं की तुम्ही ‘बरं’ म्हणायचात. भांडणारी बाई मला कळते. सगळ्याला ‘बरं’ म्हणणारीच्या पोटात काय आहे ते कसं कळावं?

मी सांगितलं, पहिले तीन दिवस चीक पिळून टाकायचा, तो बाळाला बाधतो. तोवर गूळपाण्याचा बोळा. तुम्ही एकदाच म्हणालात की दवाखान्यातल्या सिस्टर चीकच पाजा म्हणतात. मी विचारलं, त्या सिस्टरचं लग्न तरी झालंय का? तुम्ही म्हणालात, बरं.

आणि त्यानंतर खोलीचं दार लागायला लागलं.

आत कुजबुज चालायची. वाटी-चमचा उकळून आत जायचा. मी बोळा घेऊन गेले की पोर ओठ मिटून घ्यायची, जशी आत्ताच जेवून उठली. ती बोळ्यानं पीत नव्हती आणि मीही काही बोळ्यानं दूध पीत नव्हते, विहीणबाई. मला वाटलं, तुम्ही पावडरचा डबा आणलाय आणि तो त्या कुलपात आहे. मी केराची टोपलीसुद्धा उपसून बघितली, डब्याचं झाकण सापडतंय का म्हणून.

त्यात माझा कोबी! सकाळी वाफ्यात गेले तर चार गड्ड्यांची वरची पानं गायब. तुम्ही पदराखाली काहीतरी धरून आत जाताना दिसलात. मला वाटलं, ही बाई उतारा करतेय. माझ्या घरात, माझ्याच कोबीनं. मी उंबऱ्यावर मीठ-मोहरी टाकली. पुढे कळलं, संगीताची छाती दगडासारखी झाली होती, हात लावू देत नव्हती, अंगात ताप होता. ती गार पानं तुम्ही तिच्या छातीवर ठेवत होतात. विचारलं असतं तर सांगितलं असतंत. पण विचारलं असतं तर मग संशयाला जागा कुठे उरली असती?

तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही मागे दुपटी धूत होतात. संगीताचा डोळा लागला होता. मी खोलीत शिरले. फडताळात ताटलीखाली वाटी झाकलेली. वाटीत पिवळं, घट्ट, फार तर चार चमचे. मी हुंगलं. त्याच आठवड्यात आमची म्हैस व्यायली होती. मला वाटलं, सापडलं! ही बाई म्हशीचा चीक नातीला पाजतेय. मी वाटी मोरीत उपडी केली आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं.

वळले तर दारात तुम्ही.

“विहीणबाई, ते संगीताचं होतं. सकाळपासून थेंब थेंब काढलंय.”

मी म्हटलं, तिचं असलं तरी टाकायचंच होतं. मान वर करून म्हटलं.

तेव्हा तुम्ही आवाज न चढवता बोललात. “म्हशीच्या चिकाचा खरवस करून आळीत वाटलात. माझ्या लेकीचा चीक तेवढा मोरीत.”

रेडकाला आम्ही आधी चीकच पाजतो, नाहीतर ते उभं राहत नाही, हे आमच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. मग बाईच्या बाळाला तो बाधतो हे कोणी ठरवलं? मला सासूनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं. माझ्या पाचही लेकरांचा चीक मी मातीत पिळला. त्यातली दोन राहिली नाहीत. कशानं गेली ते तेव्हा विचारलं नाही, आता विचारायची भीती वाटते.

पल्लवी, थांबलीस का? लिही.

संगीता जागी झाली, तिनं वाटी मागितली. मी तांब्या हातात घेऊन तिथेच उभी. आता माझं नाव येणार म्हणून मी भांडणाची तयारी करत होते. तुम्ही म्हणालात, “माझ्या हातून सांडली गं.” ती पोर तापातली, रडकुंडीला आलेली. म्हणाली, “आई, तुला एवढी वाटी सांभाळता येईना?” तुम्ही ऐकून घेतलंत. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. वाटी घासली, उकळायला ठेवली आणि पुन्हा तिच्यापाशी बसलात.

मला एक शब्द बोलता आला असता. नाही बोलले.

सहाव्या दिवशी पोरीनं तोंड लावलं आणि सोडेचना. काचेच्या पेटीचं टळलं. तुम्ही मला मुद्दाम हाक मारून आत बोलावलंत, दार सताड उघडं. पोर घोट घेत होती, तो आवाज मी ऐकला. आणि म्हटलं काय, तर आमच्या घराण्यातल्या मुली उशिरा का होईना शिकतात! तुम्ही म्हणालात, बरं.

त्या दिवसापासून मला खरा संशय चढला. ही बाई माझ्यासाठी खोटं का बोलली? फुकट कोण बोलतं? नक्की कधीतरी हे उकरून काढणार. बारशाला वाटलं, आता काढणार, सगळ्या बायका जमल्यात. जावळाच्या वेळी तुम्ही मला लुगडं नेसवलंत, मी घरी येऊन त्याची घडी उलगडून झटकली, आत टोमणा गुंडाळलाय का बघायला. दर भेटीला तुम्ही माझे गुडघे कसे आहेत विचारायचात, मी मनात म्हणायचे, गुडघ्यावरून वाटीवर येणार. अकरा वर्षं तुम्ही गुडघ्यावरच थांबलात. असं कोणी माणसाला टांगून ठेवतं का हो?

आता वाटतं, तुम्हाला काही मागायचंच नव्हतं. तुमच्या लेकीला ह्याच घरात राहायचं होतं, माझ्या हाताखाली. सासूचा राग डोक्यात घेऊन ती राहिली असती तर तिचं काय झालं असतं? म्हणून तिचा राग तुम्ही स्वतःकडे घेतलात. बरोबर ना? की ह्यातही मी चुकतेय?

मला एवढंच कळतं, की तुमची लेक आजही आईची चूक म्हणून ती गोष्ट सांगते. हसून सांगते, पण सांगते. आणि तुम्ही आता ‘नाही’ म्हणायला नाहीत.

तर विहीणबाई, शब्द देते. पत्र संपलं की मी आत जाणार. मनीषा आणि संगीता दोघी आतच आहेत, पोराला वाटीनं पाजताहेत. पल्लवी म्हणते, मी वाचून दाखवते. नको. पोरीच्या तोंडून कबुली दिली तर ती कसली कबुली? मी माझ्या तोंडानं सांगणार, संगीता, ती वाटी तुझ्या आईनं नाही, मी ओतली. ती विचारेल, आत्या, आजच का सांगताय, काय हवंय तुम्हाला? तिला संशय येईल. येऊ दे. अकरा वर्षं मी तिच्या आईवर घेतला, आता थोडा माझ्यावर घेऊ दे.

तुमची विहीण,
शेवंता

खाली अंगठा उमटवते आहे. पल्लवी म्हणते, पत्राला अंगठा लागत नाही. मी म्हटलं, कबुलीला लागतो.