आधी टाकी, मग देगलूर

शुक्र. ९ जाने., लातूर

निलंग्याची चार दिवसांची मुक्कामी चाचणी फेरी झाली. घरगाडी झकास पळाली. ही मूळची शाळेची मिनीबस, हे सांगूनही कुणाला पटत नाही. आत दोन पलंग, गॅस, पंखा, आणि मुख्य म्हणजे आईसाठी कमोड. आई खिडकीत बसून रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला हात करत होती. अनोळखी लोकही उलट हात करत होते!

घरी आल्यावर कमोडखालची टाकी रिकामी करायला गेलो. टाकीच्या तोंडाशी व्हॉल्व्ह. बाहेरची दांडी ओढायची, आतलं पातं सरकतं, मग सगळं पाइपानं आपल्या अंगणातल्या सेप्टिक टँकमध्ये. दांडी ओढली. हलेना. दोन्ही हातांनी ओढली. ढिम्म.

सौ. म्हणाली, "अहो, बाजूला व्हा, नाहीतर सगळं तुमच्याच अंगावर यायचं." आणि स्वतः दहा पावलं मागं.

पुढच्या शनिवारी देगलूर. मावशीला तिचा मुलगा रविवारी पुण्याला नेतोय, कायमचं. दोघी बहिणींची गाठ कोरोनाच्या आधी पडलेली. आईचे गुडघे वाकत नाहीत, घडीघडीला जावं लागतं, म्हणून एसटी बंद, भाड्याची गाडी बंद, म्हणून देगलूर बंद. ही घरगाडी केली ती त्यासाठीच. आता टाकी भरलेली, नि तोंड बंद.

शनि. १०

सकाळी दांडीला खोबरेल. दुपारी एरंडेल. ही सौ.ची सूचना, "बाळाला चालतं ते टाकीलाही चालंल." चाललं नाही.

नांदेडला मुजीबभाईला फोन. गाडी त्यानंच बांधली. "गुरुजी, जोर नक्को लगाव. रबर फुगा होंगा. दो दिन में अपने आप बैठता." मी हौ म्हणालो आणि फोन ठेवून लगेच जोर लावला. एक पाय टायरला टेकवून ओढली. दांडी आली. एकटीच आली, व्हॉल्व्ह तिथंच. मी अंगणात उताणा, छातीवर दांडी.

आई ओट्यावरून, "मिलिंदा, लागलं का रं?" लागलं नाही म्हटल्यावर इतकी हसली की कवळी काढून ठेवावी लागली. मलाही हसू आवरेना. मुजीबभाईला कळवलं नाही.

रवि. ११

मावशीचा फोन. स्पीकरवर.

"जयभीम अक्का. येऊन राहिलीस न्हवं?"

आई माझ्याकडं बघत, "येते. पर टाकी तुंबलीय."

"कुणाची?"

"गाडीची गं!"

मग दोघी अर्धा तास टाकीवरच बोलल्या. फोन ठेवल्यावर मात्र आईनं चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, "हे बग, मोरी नसंल तर म्या गाडीत बसणार न्हाई. रस्त्यात कुटं आडोसा हुडकू या वयात? तसंच ऱ्हाऊ दे. फोनवर बोलली, झालं."

झालं कसलं. रात्रंदिवस डोक्यात तेच. चाळीस वर्षं पोरांना गणित शिकवलं, उत्तर न येणारं गणित मला खपत नाही.

सोम. १२

उपाय साधा निघाला: खालून निघत नाही तर वरून काढा. सेप्टिक टँक उपसणारा टँकर बोलावला. टँकरवाला आत आला, कमोड बघितला, बाहेर आला, गाडीभोवती एक चक्कर मारली. "घरं लई उपसली. चाकावरलं पयलंच." कमोडातून नळी सोडली. गल्ली गोळा झाली. शेजारच्या काकूंनी नाकाला पदर लावून शेवटपर्यंत बघितलं, मधे चहाही पाठवला. आम्ही तो घेतला, बरं का.

मग मी गाडीखाली. चार बोल्ट सोडवले, व्हॉल्व्ह हातात. पातं ज्या खाचेतून सरकतं ती खाच राखाडी दगडानं भरलेली. सिमेंटच! मुजीबभाईचं फुगलेलं रबर वगैरे काही नाही. सौ.नं नखानं खरवडलं, चिमटीत चुरडलं. "अहो, ही राख आहे."

टाकीत राख कुठून?

आई ओट्यावर. एकदम गहू निवडण्यात गुंग.

"आई?"

"वास येत हुता." गहू. "आंघोळीच्या चुलीची राख न्हेली हुती पिशवीत. जाऊन आलं की मूठभर. आमी आसंच करत हुतो शेतावर. काय चुकलं?"

तिचं एकटीचं काही चुकलं नाही. गाडीत पाण्याचा नियम माझा: एका वेळी अर्धा मग. कमोडच्या वर पाटीसुद्धा लावलीय, माझ्या सुंदर अक्षरात. लातूरचा माणूस. पाणी आगगाडीनं आलेलं बघितलंय, दुसरा नियम सुचणार कसा? पाणी नाही म्हणून मैला वाळला, वाळला म्हणून वास, वास म्हणून राख, आणि वर आमचं बोअरचं क्षाराचं पाणी. नव्या गाडीची टाकी आम्ही मायलेकरांनी मिळून लिंपली.

सौ. पाटीकडं बघत होती. तिनं ती मोठ्यानं वाचून दाखवली. ते जास्त लागलं.

मंग. १३

व्हॉल्व्ह गरम पाण्यात लिंबूसत घालून भिजवला. सौ.च्या जुन्या पातेल्यात, जे आता तिचं राहिलं नाही. फसफसलं. संध्याकाळपर्यंत राख सुटली, पातं मोकळं, आरपार सरकतंय. आनंदाच्या भरात उरलंसुरलं स्क्रूड्रायव्हरनं खरवडायला गेलो आणि रबराची कडी कापली. कापली म्हणजे दोन तुकडे.

मुजीबभाईला शेवटी सगळं सांगितलं. दांडीचंही. तिकडून बराच वेळ नुसता हसण्याचा आवाज. मग, "नया रबर भेजता गुरुजी. कल की लातूर गाडी, डायवर के हात में. पर अब तुमे पाना-स्क्रू को हात नक्को लगाव. भाभी को लगाने देव."

बुध. १४, संक्रांत

लातूर स्टँडवर नांदेड गाडीची वाट बघत. गाडी आली, ड्रायव्हर म्हणतो, पार्सल? कसलं पार्सल? सीटखाली बघितलं, नाही. मग कंडक्टरनं आपल्या डब्याच्या पिशवीतून काढलं. रबर, नवी दांडी, आणि एका पुडीत तिळगूळ. चिठ्ठी वगैरे काही नाही. स्टँडवरच फोन लावून मुजीबभाईला "गोड बोला" म्हणालो. "हम तो गोडच बोलते, तुमीच नै सुनते."

ड्रायव्हर, कंडक्टर, दोघांना तिळगूळ. फार बरं वाटलं आज.

गुरु. १५

रबर सौ.नं बसवलं. (हुकूम नांदेडचा.) बोल्ट मी आवळले, ती "पुरे, पुरे" म्हणत असताना.

आता परीक्षा. टाकीत बादलीनं पाणी ओतायचं. स्वच्छ पाणी, नुसतं ओतायचं! हात उचलेना. आई म्हणाली, "वत की रं. तुज्या बापाचं हाय का?" तिसऱ्या बादलीनंतर मात्र मजा यायला लागली. मग दांडी. दोन बोटांनी ओढली. सर्र! धो धो पाणी पाइपातून. पुन्हा बंद, थेंब नाही. पुन्हा उघडी. सौ.नं टाळ्या वाजवल्या. मी गाडीभोवती नाचलो, खरंच नाचलो, काकू बघत असताना.

पाटी काढून फेकली. नवी लिहिली: पूर्ण बादली. राख मना आहे.

आईनं वाचली. "आन मना करणारा कोन?" पण संध्याकाळी तिची पिशवी भरलेली दिसली. दोन लुगडी, औषधं, मावशीसाठी तीळ. राख नाही, तपासलं.

शनि. १७, देगलूर

उदगीरच्या पुढं आईनं खांद्यावर टकटक केलं. गाडी बाजूला घेतली. आत गेली. आम्ही दोघं श्वास धरून बसलो. बादलीचा आवाज, पूर्ण बादलीचा. बाहेर आली, केस नीट केले, खिडकीत बसली. "चल. आता हैदराबादला न्ह्यायचं तर ने." आरशात तिचा चेहरा दिसत होता. लहान पोरीसारखा. मला रडू आलं, सौ.लाही. गाडी चालवताना रडू नये.

मावशी दारातच उभी. पळत आली म्हणता येणार नाही, पण तिच्या मानानं पळालीच. "अक्का!" दोघी रस्त्यात मिठी मारून उभ्या, मागं एक ट्रॅक्टर थांबलेला, तोही हॉर्न वाजवीना.

मावशीला आधी कमोड दाखवला. मग बाकी गाडी.

रवि. १८, देगलूर

मावशीच्या मुलाची कार सकाळीच सामान लादून तयार. मावशी कुठं दिसेना. घरात नाही, अंगणात नाही. घरगाडीचं दार आतून बंद, आतून दोघींचा हसण्याचा आवाज. मुलानं दार वाजवलं, "आई, निघायचंय. ऊन होईल."

खिडकी उघडली. मावशी म्हणाली, "तू हो फुडं. तुज्या गाडीत मोरी हाय का? म्या अक्कासंगट येते पुन्याला."

मुलानं माझ्याकडं बघितलं. मी सौ.कडं. सौ. किल्लीकडं. पुणं! मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.

आईनं मावशीच्या खांद्यावरून डोकं काढलं. "मिलिंदा, हुबा काय ऱ्हायलास? टाकी रिकामी करून घे. लांब जायचंय."