कपिलेचं हंबरणं

पिंपरी पेंढार,
४ फेब्रुवारी १९९६

चि. प्राचीस आजी सरूबाईचे अ. उ. आ.

तुझं कार्ड आलं. नात आजीला शाळेचा अभ्यास विचारती म्हणून मी आळीभर सांगत फिरले. साक्षरता वर्गातल्या बाई म्हणाल्या, आता उत्तर तुमचं तुम्हीच लिहा. काना-मात्रा हुकला तर हसू नको.

हंबरणं शब्द आला कुठून म्हणतीस? अगं, गाईच्या पोटातून! तोंड मिटलेलं असतं तवा हं, उघडलं की बा. तेच ऐकून माणसांनी शब्द केला. म्हैस रेकती, घोडं खिंकाळतं, ते निराळं. वासरू दिसंना झालं की गाय हंबरती. माणूस फोडतं तो हंबरडाबी तिचाच. आपली कपिला लई गुणी. परवा ओझरला गणपतीला गेले तर एक चप्पल हरवली, ते पुढच्या पत्रात.

तुझा बाप तीन वर्सं आला न्हाई. गाय विक आन् बडोद्याला चल, न्हाईतर मी उंबरा चढणार न्हाई, असं बोलून गेला. मी गाय ठेवली. हे त्याला वाचून दाखवू नको. दाखवलंस तरी चालंल.

आजीवरची माया पातळ होऊ देऊ नको.

सरूबाई


बडोदा,
१५ फेब्रुवारी १९९६

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

आमच्या शाळेतल्या बाईंनी तुझं उत्तर वर्गात वाचलं. शब्दकोशातही तसंच आहे म्हणाल्या. संस्कृतात हंभा, तोही गाईच्या आवाजावरूनच. पण मी हंबरणं ऐकलंय का, हे विचारलं तेव्हा मला आठवेना. गावी शेवटचं आले तेव्हा मी सहाच वर्षांची होते ना! इथल्या गाई रस्त्यात उभ्या राहून पुठ्ठे खातात, आवाजच काढत नाहीत. पप्पांना आवाज काढून दाखवा म्हटलं, तर म्हणाले काम आहे. तुझं पत्र मात्र त्यांच्या खिशात सापडलं.

तुझी,
प्राची


पिंपरी पेंढार,
२६ फेब्रुवारी १९९६

चि. प्राचीस अ. उ. आ.

सोबत कॅसेट आहे. जुन्नरचे रेडिओवाले हनीफभाई टेप घेऊन आले, पण कपिला ढिम्म. वासरू पुढ्यात असल्यावर कशाला हंबरंल? शेवटी वासरू शेजारच्या अंबाबाईच्या गोठ्यात नेऊन बांधलं. मग अशी हंबरली, हनीफभाईंनी डोळे पुसले आन् पाणी प्यायच्या निमित्तानं उठून गेले. टेप चालूच. मला बंद करता येईना. तिचं ऐकून माझ्याबी तोंडातून काहीबाही निघालं. ते पुसा म्हटलं, तर म्हणाले, गायपण पुसली जाईल. तेवढं ऐकू नको.

वासरू लगेच आणलं व्हतं गं सोडवून.

सरूबाई


बडोदा,
८ मार्च १९९६

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

गाय ऐकली. मग तू आलीस. पप्पांना जेवायला हाक मारलीस आणि गप्प झालीस. टेप संपली असं वाटलं, तर पुन्हा हाक आणि पुन्हा गप्प. पप्पा दाढी करत होते, साबण लावलेलेच बाहेर आले. म्हणाले, ती उगाच थांबत नाही, लहानपणी खालच्या वावरातनं माझी ओ ऐकू यायला तेवढा वेळ लागायचा.

तिसऱ्या हाकेला पप्पांनी टेपला ओ दिली. इतक्या मोठ्यानं, की शेजारचे शहाकाका दार उघडून बघायला आले.

पाडव्याला आम्ही तिघं येतोय. गाईबद्दल पप्पा काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. तोवर आणखी कॅसेट पाठवू नकोस, त्यांना काम सुचत नाही.

तुझी,
प्राची